डब्ल्यूडब्ल्यूएफचे जुने गेम पुन्हा खेळून पाहिले: 'नो मर्सी' की 'हिअर कम्स द पेन'?

हाफनेल्सन

कुस्तीच्या गेमांचा विषय निघाला की पाच मिनिटांत कुणीतरी 'हिअर कम्स द पेन'चं नाव घेतं, बाकीचे माना डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. तो यावेळी संपू द्यायचा नाही म्हणून हा धागा.

गेले काही महिने हे सगळे जुने गेम एम्युलेटरवर (जुन्या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम), नीट कंट्रोलर लावून, परत खेळतोय. माझं म्हणणं असं की त्या काळातला सर्वात चांगला कुस्तीचा गेम 'डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी' आहे. निंटेंडो ६४, नोव्हेंबर २०००. बनवला जपानच्या आकी कॉर्पोरेशनने, विकला टीएचक्यूने.

आपल्याकडे निंटेंडो ६४ फारसा आलाच नाही. ज्यांच्याकडे होता त्यांचे काका नाहीतर मामा अमेरिकेत असायचे. आपल्या पिढीच्या आठवणी चिप मारलेल्या प्लेस्टेशनच्या आणि लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीडींच्या. 'नो मर्सी' बहुतेकांनी पाहिला तो पीसीवर, प्रोजेक्ट६४मध्ये, कीबोर्ड बडवत. तसा खेळला तर त्यात काय एवढं, असंच वाटणार.

त्याचा जीव पकडीत आहे. बटण हलकं दाबलं की हलकी पकड, दाबून धरलं की घट्ट पकड. हलकीतून साधे डाव निघतात, घट्टमधून मोठे. घंटा झाल्या झाल्या घट्ट पकडायला गेलात तर समोरचा सोडवून घेतो, वर दोन लगावतो. म्हणून आधी हलके डाव टाकून त्याला नरम करावं लागतं, आणि मॅच आपोआप टीव्हीवरच्यासारखी चढत जाते. समोरच्याचा जीव किती उरलाय हे सांगणारी पट्टीच नाही. आहे ती फक्त जोशाची. डाव बसला, समोरच्याला डिवचलं, की वाढते. मार खाल्ला की उतरते. ती पूर्ण भरली की थोडा वेळ 'स्पेशल' झळकतं, आणि तेवढ्यात घट्ट पकड घेऊन अ‍ॅनालॉग दांडी फिरवली तरच फिनिशर, म्हणजे पैलवानाचा मॅच संपवणारा खास डाव. वेळ गेली की गेली. त्या काही सेकंदांत दोघेही खुर्चीच्या टोकावर येतात.

दुसरी गोष्ट चॅम्पियनशिप मोडची. प्रत्येक पट्ट्याची वेगळी कथा, आणि हरलात तर कथा दुसऱ्या फाट्याने जाते. सगळे फाटे बघायचे, म्हणजे शंभर टक्के पूर्ण करायचं, तर काही मॅच मुद्दाम हराव्या लागतात. हरण्यातही मजा आहे हे कबूल करणारा गेम मला दुसरा आठवत नाही. आणि डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणजे नेमकं तेच ना? तिथे जिंकण्याला काय किंमत, निकाल आधीच ठरलेला. किंमत आहे ती मॅच रंगवण्याला.

दोषही सांगतो. चौघे रिंगणात उतरले की गेम रांगायला लागतो. चेहरे म्हणजे ठोकळ्यांवर चिकटवलेले फोटो. पहिल्या खेपेच्या कार्ट्रिजमधला सेव्ह आपोआप पुसला जायचा. टीएचक्यूला कार्ट्रिज बदलून द्यावी लागली होती.

तरीही 'पेन'च्या वर. बोला आता.

टोण्या

बोलतो.

निम्मी मॅच हलक्या पकडी घेत बसायला वेळ कुणाकडे आहे? 'पेन' म्हणजे २००३चा ऑक्टोबर, पीएस२, आणि रोस्टर, म्हणजे पैलवानांची यादी, बघा: ब्रॉक लेसनर, रॉक, अँगल, एडी, बाईकवाला अंडरटेकर, शिवाय सीना, बटिस्टा आणि रे मिस्टेरिओ हे तिघे 'स्मॅकडाउन' मालिकेत ('पेन' त्यातलाच) पहिल्यांदा. एलिमिनेशन चेंबर, म्हणजे सहा जणांची पिंजऱ्यातली मॅच, पहिल्यांदा याच गेममध्ये आली. खरा चेंबर मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये नोव्हेंबर २००२ला झाला आणि वर्षाच्या आत तो आमच्या हॉस्टेलच्या खोलीत होता.

पकडीचंच बोलायचं तर 'पेन'मध्ये चार प्रकारच्या पकडी आहेत: ताकदीची, सबमिशनची (समोरच्याला हार मानायला लावणारी), झटपट आणि त्या त्या पैलवानाची खास. कोपऱ्यात माणसाची छोटी आकृती, तिचा पाय लाल झाला की समजायचं आता अँगल लॉक (पाय मुरगळायचा डाव) लावायची वेळ आली. हे डोकं 'नो मर्सी'त कुठे आहे?

आणि कॉमेंटरी काढून टाकली हे त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं पुण्याचं काम. त्याआधीच्या 'जस्ट ब्रिंग इट'मधली कोल आणि टॅझ या कॉमेंटेटरांची बडबड आठवा. एकेक वाक्य मध्येच तोडून दुसऱ्याला जोडलेलं.

रेवा_एस

+१ टोण्या. 'जस्ट ब्रिंग इट'चा आवाज बंद करून वर कॅसेट लावायचो आम्ही.

बिंदूमाधव

या दोघांच्या भांडणात व्हिडिओ गेम पार्लरवाल्यांना विसरू नका. 'रेसलफेस्ट', टेक्नोस कंपनी, १९९१. होगन, वॉरियर, जेक रॉबर्ट्स, मिस्टर परफेक्ट, डीबियासी, सार्जंट स्लॉटर, बिग बॉस मॅन, अर्थक्वेक, आणि डिमॉलिशनचे स्मॅश आणि क्रश. शेवटी पट्ट्यासाठी लीजन ऑफ डूम ही जोडी, आणि ते दोघे फक्त मशीनच्याच हातात. त्यांच्याशी गाठ पडली की खिशातलं नाणं गेलंच म्हणून समजायचं. मशीनला गल्ला भरायचा असतो आणि ते काम हे दोघे मन लावून करत.

त्यातल्या रॉयल रंबलमध्ये (बरेच पैलवान एकाच वेळी रिंगणात) दोरावरून बाहेर फेकलं तर माणूस बाद व्हायचाच, पण पिन करूनही, म्हणजे खांदे टेकवूनही, बाद करता यायचं. खऱ्या नियमात हे बसत नाही, पण पार्लरमध्ये तेच बरोबर होतं, नाहीतर रांगेतल्या पोरांची पाळी संध्याकाळपर्यंत आली नसती. पैलवान मोठे, रंग भडक. आज मेम या पार्लर-मशीनच्या एम्युलेटरवर लावला तरी डोळ्यांना जुना वाटत नाही. निंटेंडो ६४चे ठोकळे मात्र वाटतात, माफ करा.

१९९५चा मिडवेचा 'रेसलमेनिया: दि आर्केड गेम' कुणी खेळलंय का? 'मॉर्टल कॉम्बॅट'वाली कंपनी. फक्त आठ पैलवान. अंडरटेकर भुतं सोडतो, डोइंक जोकर हातोडा काढतो. कुस्तीशी त्याचा संबंध फक्त दोरांपुरता. पण हसून पुरेवाट.

कोल्हापुरी_ठसका

लहानपणी तालमीत जायचो, त्यामुळे हे सगळं नाटक म्हणून बघायची सवय आधीपासून. खासबागेत कुस्ती बघणाऱ्या घरातल्या म्हाताऱ्यांना टीव्हीवरची डब्ल्यूडब्ल्यूएफ कधीच पटली नाही. "दोर कशाला लागतोय रं पैलवानाला?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न.

पण हाफनेल्सन यांनी हलक्या पकडीचं जे लिहिलंय ते वाचून सांगतो, ती आमची खडाखडी आहे. सलामी झाली की दोन पैलवान एकदम डावावर येत नाहीत. हात देतात, मानेवर हात टाकून ओढून बघतात, समोरच्याचा तोल कुठं आहे ते चाचपतात. मग कुणीतरी पट काढतो, नाहीतर ढाक लावतो. सलामीलाच ढाक मारायला गेलेला स्वतःच खाली येतो. निंटेंडोवाल्या जपान्यांनी हे बरोबर पकडलंय. 'पेन' मी भरपूर खेळलोय, त्यात खडाखडी नाही. पळत जा, उचल, आपट.

टोण्याभाऊ, राग मानू नका. पळत जाऊन आपटायचं असलं की मीही 'पेन'च लावतो.

टोण्या

राग कसला. पण म्हणजे नाटकाला नाटकासारखं दाखवलं की 'नो मर्सी' भारी, आणि खऱ्या कुस्तीसारखं आहे म्हणूनही 'नो मर्सी'च भारी? दोन्हीकडून तुमचंच खरं?

हाफनेल्सन

दोन्हीकडून खरं, कारण नाटक खऱ्या कुस्तीचंच आहे. खडाखडी न करता पहिल्या मिनिटाला फिनिशर टाकला तर नाटकही पडतं. 'पेन'मध्ये फिनिशर साठवून ठेवता येतात, आणि माझी खरी तक्रार तीच. भांडवल जमवायचं आणि शेवटी ओळीने लेसनरचे तीन एफ-फाइव्ह. समोरच्याने काय करायचं, बघत बसायचं?

आकृतीचा मुद्दा मात्र मान्य. पाय लाल झालाय हे दिसल्यावर पायाच्याच मागे लागावंसं वाटतं आणि त्यातून मॅचला कथा मिळते. 'नो मर्सी'त ते आतल्या आत मोजलं जातं, डोळ्याला दिसत नाही.

शेवंती

तुम्हा सगळ्यांकडे कन्सोल होते हो. आमच्याकडे पीसी, तोही भावाच्या अभ्यासासाठी घेतलेला. पीसीवर कुस्ती म्हणजे एकच: 'डब्ल्यूडब्ल्यूएफ रॉ', २००२. मूळ एक्सबॉक्सचा, अँकर नावाच्या जपानी कंपनीने केलेला. परदेशातल्या समीक्षकांनी त्याला झोडपलं, आणि आपल्याकडे सायबर कॅफेत तो वर्षानुवर्षं चालला. कारण उघड होतं, पीसीवर दुसरा पर्यायच नव्हता.

झोडपण्यासारखा होताही. कथा नाही, करिअर नाही, पिंजरा नाही, शिडी नाही. पण एन्ट्री! दिवे, धूर, पडद्यावरचे व्हिडिओ, सगळं खऱ्यासारखं. मी कितीतरी वेळा मॅच न खेळता नुसत्या एन्ट्री बघून गेम बंद करायचे. समोरच्याच्या अंगावरच्या वस्तू हिसकावून स्वतः घालायची सोय होती, त्यावरून आमच्याकडे खरी भांडणं झाली आहेत.

त्यावर लोकांनी मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतःचे बदल, केले. मूळ रोस्टर जुनं झालं तरी पोरं नवे पैलवान, नवे कपडे, नवी गाणी घालून त्याच गेमची नवी सीडी फिरवायची. वर लिहिलेलं असायचं २००८, २००९, आणि आत तोच २००२चा 'रॉ'. दुकानातून सीडी आणताना आत नक्की काय निघेल हा जुगारच होता. या गेमला कुणी 'उत्तम' म्हणणार नाही, पण आपल्याकडे सर्वांत जास्त हातांतून गेलेला कुस्तीचा गेम हाच असावा, असा माझा अंदाज आहे.

माझा खरा लाडका वेगळाच: 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २००६', आणि त्यातही फक्त जीएम मोड, म्हणजे शोचा मॅनेजर व्हायचं. पैलवान निवडा, करार करा, पैसे पुरवा, दर आठवड्याचा शो लावा, कुणाचं कुणाशी वैर पेटवायचं ते ठरवा, आणि दुसऱ्या शोपेक्षा जास्त प्रेक्षक मिळवा. मी त्यात एकही मॅच स्वतः खेळायचे नाही. हाफनेल्सन म्हणतात तसं रंगवणंच महत्त्वाचं असेल, तर जीएम मोडइतकं रंगवणं दुसरीकडे कुठे आहे?

हा गेम आला नोव्हेंबर २००५मध्ये आणि त्याच महिन्यात एडी गरेरो गेला. गेममध्ये तो धडधाकट, हसत हसत रिंगणात येतो. ते बघवायचं नाही. त्याला मी काही दिवस कुठल्याच शोमध्ये लावला नव्हता.

रेवा_एस

एडीचं वाचून गलबलून आलं. १९९९चा 'अ‍ॅटिट्यूड' हा गेम पैलवान ओवेन हार्टला अर्पण केलेला होता. मे महिन्यात ओवेन कॅन्सस सिटीत उंचावरून पडून गेला आणि त्याच उन्हाळ्यात तिकडे गेम बाजारात आला. गेमचे डाव अगदी 'मॉर्टल कॉम्बॅट'सारखे, डावीकडे-उजवीकडे-बटण, पाठ करावे लागायचे. माझ्या वहीच्या मागच्या पानावर यादी होती.

ओसाकाकर

जपानात राहून हा धागा वाचतोय आणि अजून कुणी 'फायर प्रो'चं नाव घेतलं नाही, म्हणून हात शिवशिवतायत.

पहिला 'फायर प्रो रेसलिंग' १९८९चा, पीसी इंजिन या जपानी कन्सोलवर, ह्यूमन एंटरटेनमेंटचा. वरून तिरकस दिसणारं रिंगण, छोटे छोटे चपटे पैलवान. यात पकडीचं बटणच नाही. दोघे जवळ आले की आपोआप भिडतात, आणि भिडल्यावर नेमक्या क्षणी बटण दाबायचं. आधी दाबलं तर हरलात, उशिरा दाबलं तरी हरलात. बटणं धडाधड बडवणाऱ्याला हा गेम पहिल्या दिवशी रडवतो. डाव लहान, मध्यम, मोठे असे तीन, आणि मोठा डाव लवकर टाकला की उलटतो. कोल्हापुरी_ठसका यांची खडाखडी इथे त्या निंटेंडोच्या गेमच्या अकरा वर्षं आधीपासून आहे.

दम लागला की श्वास घ्यायचं वेगळं बटण आहे. हो, खरंच. रिंगणात उभं राहून श्वास घ्यायचा. आणि कधी एखाद्या डावावर पडद्यावर 'क्रिटिकल!' उमटतं, की मॅच तिथेच खलास. कुणी कितीही पुढे असो.

पैलवानांची नावं खोटी असायची कारण परवाना नव्हता, पण चेहरा बघून कोण ते लगेच कळायचं. शिवाय नाव, कपडे, डाव सगळं आपल्याला बदलता येतं.

१९९४च्या 'सुपर फायर प्रो रेसलिंग स्पेशल'ची कथा गोइची सुदाने लिहिली, तोच पुढे सुदा ५१ म्हणून गाजलेला. (पुढे शेवट फोडतोय, नको असेल तर परिच्छेद सोडा.) नायक एकेक करून जिवाभावाची माणसं गमावतो, शेवटी जगज्जेता होतो, आणि मग आत्महत्या करतो. सुपर फॅमिकॉमवर, पोरांच्या कुस्तीच्या गेममध्ये! मला तो शेवट आवडत नाही, पण विसरताही येत नाही.

आणि हाफनेल्सन, तुमच्या आकीचा सर्वांत चांगला गेम 'नो मर्सी' नाही. तो आहे 'व्हर्च्युअल प्रो रेसलिंग २', जानेवारी २०००, फक्त जपानात निघालेला, ऑल जपान या तिथल्या कुस्ती कंपनीच्या परवान्याचा. इंजिन तेच, पण खऱ्या मारामारीच्या शैलीचे पैलवानही त्यात आहेत, आणि वेग 'नो मर्सी'पेक्षा बरा. हौशी लोकांनी इंग्रजी भाषांतराचे पॅच काढलेत, भाषेची अडचण नाही.

हाफनेल्सन

ओसाकाकर, दंडवत. 'व्हीपीडब्ल्यू २' लावून बघितला. वेग बरा आहे, मान्य. पण मला कावादा आणि मिसावा या ऑल जपानवाल्यांच्या मॅचची तेवढी ओढ नाही. ऑस्टिन लहानपणी टीव्हीवर बघितलेला, त्यामुळे पहिलं प्रेम तिकडेच. गेम कुठला चांगला आणि कुठला आपला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आकीची गंमत सांगतो, कारण ती परवान्यांच्या भांडणात अडकलेली आहे. १९९७-९८ला ते टीएचक्यूसाठी डब्ल्यूसीडब्ल्यूचे, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफच्या प्रतिस्पर्धी कंपनीचे, गेम करायचे, 'वर्ल्ड टूर' आणि 'रिव्हेंज'. डब्ल्यूडब्ल्यूएफचा परवाना तेव्हा अ‍ॅक्लेमकडे. मग ईए या दुसऱ्या गेम कंपनीने टीएचक्यूच्या हातून डब्ल्यूसीडब्ल्यू काढून घेतलं, टीएचक्यूने अ‍ॅक्लेमच्या हातून डब्ल्यूडब्ल्यूएफ. अ‍ॅक्लेमकडे उरली ती तिसरी कुस्ती कंपनी, ईसीडब्ल्यू. त्यांनी जवळजवळ 'अ‍ॅटिट्यूड'च नवे कपडे घालून 'हार्डकोअर रिव्होल्यूशन' म्हणून विकला. ईएने 'मेहेम' काढला आणि नंतर 'बॅकस्टेज असॉल्ट', ज्यात रिंगणच नव्हतं! कुस्तीच्या गेममधून रिंगण काढायची कल्पना ज्याला सुचली त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे. मार्च २००१मध्ये तर डब्ल्यूसीडब्ल्यूच विकली गेली, डब्ल्यूडब्ल्यूएफवाल्या मॅकमहनलाच.

शेवटी ईएने शहाणपणा केला आणि आकीलाच कामाला लावलं. त्यातून २००३चा 'डेफ जॅम व्हेंडेटा' आणि २००४चा 'फाइट फॉर एनवाय' निघाले. रॅपर एकमेकांना आपटतायत आणि आतून पकड तीच.

टोण्या

'फाइट फॉर एनवाय'वर मात्र एकमत! स्नूप डॉगला रेल्वेखाली ढकलायचं सुख वेगळंच.

गण्या_नवा

मी २००४चा जन्म. वाचतोय, पण काका-मावशी लोकहो, आज यातलं काय खेळू ते सांगा. माझ्याकडे साधा लॅपटॉप आणि फोन. फोनवर 'स्मॅकडाउन व्हर्सेस रॉ २०११' पीएसपी एम्युलेटरमध्ये खेळलोय. रॉम, म्हणजे गेमच्या फाइली, कुठे मिळतील?

शेवंती

रॉमच्या लिंका इथे मागू नकोस आणि कुणी देऊही नका, नाहीतर धागा उडेल.

फोनवर काचेवरची बटणं दाबून 'नो मर्सी' खेळू नकोस, दाबून धरणं आणि हलकं दाबणं यातला फरक बोटाला कळत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर घे. आणि पहिला 'पेन' घे; हे बाकीचे काहीही म्हणोत, पहिल्या अर्ध्या तासात मजा देणारा तोच आहे. जीएम मोड 'डब्ल्यूडब्ल्यूई २के२२'मध्ये मायजीएम म्हणून परत आलाय, पण मला त्यात आकडेच जास्त दिसले.

बिंदूमाधव

नवीन काही विकत घेऊन खेळायचं असेल तर 'रेट्रोमेनिया रेसलिंग', २०२१. 'रेसलफेस्ट'चा अधिकृत पुढचा भाग आहे. तेच मोठे पैलवान, तेच भडक रंग.

हाफनेल्सन

गण्या, 'एईडब्ल्यू फाइट फॉरएव्हर'ही बघ. जून २०२३, युक्सने केलेला, म्हणजे 'पेन'वाले, आणि 'नो मर्सी'चा दिग्दर्शक इवाशिता त्यांच्या मदतीला. कागदावर आमचं आणि टोण्याचं भांडण मिटवणारा गेम. प्रत्यक्षात पकड ठीक, बाकी सगळं उपाशी. मोड कमी, मॅचचे प्रकार कमी. पण पकड घेताना मधूनच जुना झटका लागतो.

२के२०च्या वाटेला जाऊ नकोस. युक्स बाहेर पडल्यावर घाईत केलेला. १ जानेवारी २०२० उजाडला आणि तारीख बदलली म्हणून गेम बंद पडायला लागला. तारीख मागे केली की परत चालू! त्यापेक्षा कार्ट्रिजचा सेव्ह उडणं परवडलं.

कोल्हापुरी_ठसका

ओसाकाकर, तुमच्या 'फायर प्रो'त सगळं बदलता येतं म्हणालात. मग आपला मातीतला पैलवान करता येईल का? लांग घातलेला, बूट नाहीत, तोंडावर रंग नाही.

ओसाकाकर

येईल की. 'फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड' घ्या, २०१७चा, पीसीवर आहे. स्टीम वर्कशॉपवर लोकांनी केलेले हजारो पैलवान फुकट पडलेत. लांगेसाठी आखूड चड्डी घ्या आणि पाय अनवाणी ठेवा. डावांत पट, मानेची पकड, कमरेतून उचलून फेकणं सगळं आहे. ढाकेच्या जवळचं जे दिसेल ते लावा. मग त्याचं लॉजिक भरा: कुठल्या वेळी कुठला डाव किती टक्के टाकायचा. सुरुवातीला खडाखडीला जास्त टक्के द्या, दोरावर चढणं शून्यावर आणा. रिंगणाच्या मॅटचा रंगही बदलता येतो, तांबूस करून टाका. झाला की वर्कशॉपवर चढवा आणि इथे नाव सांगा, मी माझ्या अंडरटेकरशी लावून निकाल कळवतो.

टोण्या

निकाल नको, व्हिडिओ टाका. आणि त्याला एक तरी पॉवरबॉम्ब द्या हो.